दारातून काही येत नाही

आमच्या जिन्यात आठ घरं आहेत आणि सात खोकले. जिन्यातला दिवा बहुतेक गेलेलाच असतो, त्यामुळे कोण चढतंय ते कानानेच ओळखावं लागतं. तळमजल्यावरच्या कुमुशाय आपा आधी खोकतात, मग किल्ली शोधतात, मग ज्याने किल्ल्यांचा शोध लावला त्याचा उद्धार करतात. तिसऱ्या मजल्यावरचे जुमाश बायके, म्हणजे जुमाशदादा, आत-बाशी गावाची गाडी चालवतात. ते सरळ खोकत नाहीत, वळणावर हॉर्न मारल्यासारखा घसा खाकरतात, आणि मग खरंच वळतात. हे सगळे आवाज मला काढता येतात. म्हणून कुमुशाय आपा मला मैना म्हणतात आणि माझ्यादेखत कुणाविषयी बोलायचं नाही असं बजावतात, आणि मग माझ्यादेखतच बोलतात.

आठवा खोकला नाही, कारण सायराकान एजे, म्हणजे सायराकानताई, खोकत नाही. दुसऱ्या मजल्यावरचं उजवीकडचं दार तिचं. जुमाश बायके म्हणायचे की दुसऱ्यांचे खोकले पुसून पोट भरणारी बाई स्वतः कशाला खोकेल.

ते खरंच होतं. तिचं काम तेच. कुठल्या तरी परदेशातली कंपनी तिला लोकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं पाठवते. कुणी मास्तर भूगोल शिकवतोय, कुणी बाई झोपेवर व्याख्यान देते आहे. सायराकान एजे कानावर हेडफोन चढवून बसते आणि त्यातला खोकला, खुर्चीची करकर, आवंढा, लांबून भुंकणारं कुत्रं असं सगळं वेचून काढते. एकदा मी तिच्याकडे मीठ मागायला गेले होते तेव्हा तिने मला दाखवलं. खोकला नुसता कापला तर तिथे भोक पडतं, आणि ते कानाला टोचतं. म्हणून तिथे शांतता भरावी लागते. पण कुठलीही भरून चालत नाही.

“त्याच खोलीतली लागते,” ती म्हणाली. “प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दुसरीकडची आणून चिकटवली की लगेच कळतं.”

मला वाटलं ती माझी फिरकी घेते आहे. मग तिने दोन शांतता एकापाठोपाठ ऐकवल्या. खरंच वेगळ्या होत्या. एक जाड होती, एक पातळ. त्या दिवशी मी मीठ विसरूनच आले.

असल्या कामाला घर गच्च बंद लागतं. आमच्या नारीन गावात नदी रात्रंदिवस घशात पाणी घेऊन गुळण्या करत असते, आम्हाला ती ऐकूही येत नाही, पण सायराकान एजेच्या मशीनला येते. म्हणून तिने तिहेरी काचांच्या खिडक्या बसवून घेतल्या, दाराच्या कडांना रबरी पट्ट्या लावल्या, आतून नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा जाड पडदा सोडला. चुलीवर एक पेटी बसवली, ती धूर ओढते, गाळते आणि परत घरातच सोडते, भिंतीला भोक नको म्हणून. जुमाश बायके म्हणाले, हे घर नाही, मुरांब्याची बरणी आहे.

त्या बरणीत ती सकाळी दूधवाली ओरडून गेली की कामाला बसायची. दुपारी उभ्यानेच काहीतरी खायची. ऊन कलायला लागलं की लांब कोट चढवून पुलापर्यंत जायची, कठड्यावर हात ठेवून नदीकडे बघायची, आणि परत यायची. येताना पापण्यांवर हिमाचे कण असायचे आणि ती गुणगुणत असायची. शब्द नाहीत, नाकातल्या नाकात. चाल नेहमी एकच. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत बरोबर पुरायची, आणि दार लागलं की तुटायची.

हे गुणगुणणंच लोकांना पचत नव्हतं. चाळिशी उलटलेली, नवरा नाही, पोर नाही, बिश्केकमधली चांगली नोकरी सोडून आजारी आईसाठी परत आलेली बाई. आईही गेली. अशा बाईने कसं दिसावं हे आमच्या जिन्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिलाच माहीत नव्हतं. लग्नात बोलावलं तर ती यायची, ताटात वाढलेलं संपवायची, दोन गोष्टींना हसायची, आणि नाच सुरू झाला की कोट शोधायची. कुमुशाय आपा जिभेने टाळूवर ‘त्स्त’ करायच्या. त्यांचा तो ‘त्स्त’ म्हणजे अख्खं वाक्य असतं. या वेळचं वाक्य होतं, एकटी बाई आणि खूश, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तिची आई, बुरुल आपा, शाळेच्या स्वयंपाकघरात होती. या गावात तिच्या हातचं खाल्लं नाही असं माणूस मिळणार नाही. जुमाश बायकेंसारखा आडवातिडवा माणूसही तिचं नाव निघालं की ओठांवरून जीभ फिरवायचा. शेवटी शेवटी तिचा डावा पाय ओढत चालायचा. सपाता घालून ती जिन्यात यायची तेव्हा उजवी सपाता पडायची, आणि डावी आता पडेल असं आपल्याला वाटतं त्याच्या जरा नंतर पडायची. मी पुष्कळदा प्रयत्न केला. गावातल्या निम्म्या लोकांची चाल मला येते, बुरुल आपाची कधी जमली नाही. त्या जराशा उशिरापाशी माझा पाय दर वेळी घाई करायचा.

मायलेकी भांडायच्या नाहीत, बोलायच्याही कमी. एकच आवाज भिंतीतून यायचा. संध्याकाळी सायराकान एजे गुणगुणायला लागली की बुरुल आपा म्हणायची, “श्श. अंधारात गाऊ नये.” मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा गुणगुण, पुन्हा ‘श्श’. असं झोपेपर्यंत.

बुरुल आपा गेली गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात. आत-बाशीहून तिची बहीण तुराखान आली, सगळं रीतसर झालं, जेवणासाठी घोडं कापलं, चाळिसावा दिवस झाला. मग पाव्हणे गेले आणि दाराला रबरी पट्ट्या लागल्या.

गुरुवारी दिवस मावळताना आमच्या जिन्यात श्वास घेणं कठीण होतं. प्रत्येक घरात कढई चढते. सरकीचं तेल, त्यात कुणी मेंढीची चरबी टाकतं, आणि तळहाताएवढ्या सात तोकोच, म्हणजे जाड पुऱ्या, तळतात. त्या दिवशी मेलेली माणसं आपापल्या घरी येतात आणि त्यांना तोंड नसतं, ती वास खातात. म्हणून वास बाहेर सोडायचा. मग तोकोच शेजारी वाटायच्या, आणि घेणाऱ्याने तुकडा मोडताना म्हणायचं, पोहोचो. म्हणजे ज्याच्या नावाने केलं त्याला मिळो. देणाऱ्याने म्हणून चालत नाही, खाणाऱ्याने म्हणायचं असतं.

सात दारांतून वास यायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या उजव्या दारातून काही नाही.

पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग शरद सरता सरता कुमुशाय आपांना स्वप्न पडलं. सकाळी दूध घ्यायला सगळ्या बायका खाली उभ्या होत्या तेव्हा त्यांनी सांगितलं. बुरुल स्वतःच्या दाराबाहेर पायरीवर बसली होती. पायात सपाता नव्हत्या, नुसते मोजे, आणि मांडीवर रिकामं ताट. कुमुशाय आपांनी विचारलं, बाई, आत जा ना, थंडीची इथे काय बसलीस? तर बुरुल म्हणाली, “दारातून काही येत नाही.”

हे सांगताना कुमुशाय आपांचा आवाज नेहमीचा नव्हता. तो मला अजून काढता येत नाही.

जिन्यात स्वप्न एका घरात राहत नाही. पुढच्या गुरुवारी चौथ्या मजल्यावरच्या सुनेला कुणीतरी बाजूने गेल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी जुमाश बायके, जे अस्वलालाही बाजूला हो म्हणतील, त्यांनी दुसऱ्या मजल्यावर थांबून टोपी काढली, आणि कुणाला सलाम केला ते विचारल्यावर चिडले. पोरं त्या मजल्यावरून धावत जायला लागली. मोठी माणसं धावत नव्हती, पण तिथे कुणी सामान टेकवत नव्हतं.

मीही ऐकलं. वरच्या मजल्यावरचं आमचं दार जरासं उघडं ठेवून उभी होते, मागे आमची कढई चुरचुरत होती. खालून पावलं आली. उजवं. मग डावं, जरा उशिरा. मजल्यावर आली आणि थांबली. किल्लीचा आवाज नाही, टकटक नाही. पुन्हा उतरलीही नाहीत. मी वाट बघत राहिले. खाली वाकून पाहिलं तर मजला रिकामा होता, आणि तेलाचा वास त्या एका दाराशी जाऊन भिंतीला लागल्यासारखा दोन्ही बाजूंनी वळत होता.

लगेच माझ्यावर आळ आला. साहजिकच होतं. मैना नक्कल करते हे सगळ्यांना माहीत. जुमाश बायकेंनी मला जिन्यात गाठून सांगितलं की मेलेल्या माणसाची टिंगल करणाऱ्याची जीभ काळी पडते, दाखव. मी जीभ दाखवली. ती जांभळी निघाली, मी काळे मनुके खाल्ले होते. त्यानंतर माझी बाजू ऐकायला कुणी तयारच होईना.

सायराकान एजेला यातलं काय कळत होतं ते कळायला मार्ग नव्हता. ती तशीच पुलावर जायची, तशीच यायची. फक्त गुरुवारी फिरायला जाणं तिने सोडलं होतं.

शेवटी बातमी आत-बाशीला पोचली. जुमाश बायकेंची गाडी रोज जाते, न पोचून सांगते कुणाला. तुराखान ताएजे, म्हणजे सायराकान एजेची मावशी, फोनवर बोलते तेव्हा डोंगरापलीकडे हाक मारल्यासारखी बोलते, त्यामुळे सायराकान एजेच्या रबरी पट्ट्याही कमी पडल्या. अख्ख्या जिन्याने ऐकलं. तिचं म्हणणं सरळ होतं. माझी बहीण, जिने गावाला खाऊ घातलं, ती उपाशी पायरीवर बसते, कारण घरात चूल नाही, आणि चूल नाही कारण घरात खाणारं माणूस नाही. तेव्हा नात बेगायिमला नारीनच्या शाळेत घालायचं आणि तुझ्याकडे ठेवायचं. जमत नसेल तर तुझा भाऊ तसाही घर विकायचं म्हणतोय, घर विकून तू आत-बाशीला ये, पाच पोरांच्या घरात, मग बघू कशी एकटी राहतेस. यावर सायराकान एजे काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती हळूच बोलते.

गुरुवारी दुपारीच ताएजे येऊन धडकली. सोबत बेगायिम, गुडघ्यांवर हात ठेवून बसणारी गप्प मुलगी, आणि तिची बॅग. आल्या आल्या वर न जाता ताएजे कुमुशाय आपांकडे चहा प्यायली, साक्षीदार हवे होते म्हणून. दिवस कलल्यावर आपांनी आमच्या दारावर थाप मारली. तू पण चल म्हणाल्या, डोळ्यांसमोर राहा, आज पावलं वाजली तर निदान कोणाची नाहीत ते तरी कळेल.

दार उघडायला वेळ लागला. ताएजेने तीनदा ठोकलं, मग नाव घेऊन हाक मारली. पट्ट्या सुटल्याचा चर्र आवाज झाला, नमद्याचा पडदा बाजूला झाला, आणि आतून असा वास आला की आम्ही चौघीही एक पायरी मागे झालो.

तेल. सरकीचं, मेंढीच्या चरबीचं, घरभर. सायराकान एजे कणकेचे हात घेऊन उभी होती. मागे चुलीवर कढई होती आणि ताटात तळहाताएवढ्या तोकोच एकीवर एक. दिव्याभोवती धूर पिवळा झाला होता. भिंती, पडदे, तिचे केस, सगळ्याला एकेका गुरुवारचा वास बसलेला होता.

बसायला सांगायच्या आधीच ताएजे बसली. तिची सगळी तयारी, फोनवरची वाक्यं, वाया गेली होती. तिने विचारलं, हे कधीपासून.

“चाळिसाव्यापासून,” सायराकान एजे म्हणाली. “एकही गुरुवार चुकलेला नाही, ताएजे.”

मग कुणाला देतेस, असं कुमुशाय आपांनी विचारलं. कळलं ते असं की कुणालाच नाही. ती तळायची, हात धुवायची, येत होती तेवढी कुराणातली आयत म्हणायची, मग स्वतःच तुकडा मोडून स्वतःच म्हणायची, पोहोचो. आणि मग आठवडाभर सकाळच्या चहासोबत त्या सात तोकोच खायची. दारोदार ताट घेऊन गेलं की लोक आत या म्हणतात, आत गेलं की कशी आहेस विचारतात, बरी आहे म्हटलं की विश्वास ठेवत नाहीत. म्हणून गेली नाही.

कुमुशाय आपा खिडकीपाशी गेल्या. काचेवर बोट फिरवलं, ते तेलकट आलं. दाराची रबरी पट्टी दाबून पाहिली. चुलीवरच्या पेटीकडे बघून विचारलं, ही धूर कुठे सोडते. सायराकान एजेने सांगितलं, आतच. आपांनी ‘त्स्त’ केलं. पण हा ‘त्स्त’ मी कधी ऐकला नव्हता, त्यात टोमणा नव्हता.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “वास सोडायचा म्हणतात त्याला. सोडायचा. तू सगळं केलंस आणि सोडलाच नाहीस. ती बिचारी बाहेर बसून राहिली आणि तू आत बसून तिचं जेवण जेवलीस.”

सायराकान एजेचा चेहरा पांढरा पडला. तिने ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे. मला वाटतं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या कानांना आवाज कुठून आत येतो ते केसाएवढं कळत होतं, वास कुठून बाहेर जातो हे कुणी विचारलं नव्हतं.

ताएजेला आता पुन्हा जमीन सापडली. म्हणूनच माणूस लागतं, ती म्हणाली. खाणारं, पोहोचो म्हणणारं. ही बेगायिम. आवाज करत नाही, कोपऱ्यात झोपेल, तुझं काम तू कर. बॅग तिने स्वतःच पुढे सरकवली. बेगायिमने मान खाली घातली. मला त्या मुलीची दया आली. बॅगेबरोबर तीही सरकवल्यासारखी दिसत होती.

सायराकान एजेने हात पुसले. ती बेगायिमकडे बघून म्हणाली की तुझ्यावर राग नाही, तुला शाळेसाठी खोली हवी असेल तर मी शोधून देईन. मग मावशीकडे वळली.

“ताएजे, माझ्या कामात जिथे आवाज काढून टाकते तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. दुसरीकडचं काही भरलं तर वाईट वाटतं ऐकायला. आई होती तिथे मला दुसरं माणूस नका भरू. मी दुःखी नाहीये. तुम्ही सगळे मला दुःखी करायला एवढे झटताय, पण मी खरंच नाहीये. आई होती तेव्हाही ती तिकडे एकटी आणि मी इकडे एकटी, असं आमचं छान चाललं होतं.”

“छान चाललं होतं तर ती पायरीवर का येते?” ताएजे म्हणाली.

 तेवढ्यात खालून पाऊल वाजलं.

उजवं. मग, जरा उशिरा, डावं.

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी आपांच्या शेजारी मांडी घालून बसले होते, दोन्ही पाय सगळ्यांना दिसत होते. ताएजेने माझ्या घोट्याला हात लावून खात्री केली आणि हात तिथेच ठेवला. तो गार होता. पट्टी लावलेली नव्हती, दार नुसतं टेकलेलं होतं, म्हणून प्रत्येक पायरी ऐकू येत होती. पहिल्या मजल्याचं वळण. सपाता फरशीवर घासल्याचा आवाज. ते चढणं दमलेल्या माणसाचं होतं, भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्याचं. भीतीपेक्षा ते वाईट होतं, इतकं ओळखीचं होतं. मजल्यावर आलं आणि दाराशी थांबलं.

कुमुशाय आपांचे ओठ हलत होते. त्या हळूच म्हणाल्या, “उघड.”

“मला माहीत आहे ती येते,” सायराकान एजे म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “पहिल्यापासून माहीत आहे. पट्टीला कान लावून उभी राहते मी. ती त्या बाजूला, मी या बाजूला. उघडलं नाही, कारण उघडलं आणि कुणी नसलं तर मग खरंच कुणी नाही, आपा. मग मी खरंच एकटी.”

तेव्हा मला कळलं की एवढे दिवस ती कशाच्या जोरावर गुणगुणत होती.

  कढईतली शेवटची तोकोच करपायला लागली होती, आपांनी हात लांब करून चूल बंद केली. सायराकान एजेने ताट उचललं. दाराशी गेली. एका हाताने नमद्याचा पडदा खिळ्यावरून काढून खाली टाकला, मग दार ओढलं. सगळं, भिंतीला लागेपर्यंत.

मजला रिकामा होता.

एवढ्या दिवसांचा कोंडलेला वास एकदम हलला. दिव्याभोवतीचा धूर लांब होत, तिच्या खांद्यांवरून, ताटावरून जिन्यात गेला, आणि पायऱ्या उतरताना ऐकू येईल की काय असं वाटलं. खालून कुणाचं तरी दार उघडलं. वरून जुमाश बायकेंचं खाकरणं आलं आणि मध्येच थांबलं. सायराकान एजे ताट धरून उंबऱ्यावर उभी होती आणि तिची पाठ इतकी ताठ होती की मला बघवेना.

मग बेगायिमने, जी आल्यापासून हलली नव्हती, दाराकडे पसरलेले पाय पटकन आवरून घेतले. वाटेत बसलेलो असताना कुणी आत यायला लागलं की घेतो तसे. घेतल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिने आजीकडे पाहिलं.

ताएजेने ते पाहिलं होतं.  भिंतीलगत बुरुल आपाची जुनी गादी होती, तिच्यावर ताएजेचा कोट पडला होता. तिने तो उचलून मांडीवर घेतला.

कुमुशाय आपांनी आयत म्हटली. सायराकान एजेने ताट पहिल्यांदा त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तुकडा मोडला आणि म्हणाल्या, पोहोचो. ताएजे म्हणाली, पोहोचो, आणि तिचा डोंगरापलीकडचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी आपांसारखं म्हणायला गेले, आणि माझ्याच आवाजात निघालं. मग सायराकान एजे ताट घेऊन जिन्यात गेली, प्रत्येक दाराशी. आठ घरं, तिचं सोडून सात, आणि तोकोचही सात, हे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या आईने तिला आत ये म्हटलं. ती आली नाही, पण कशी आहेस म्हटल्यावर बरी आहे म्हणाली, आणि या वेळी आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ताएजेने जाताना एवढंच म्हटलं की जुमाशची गाडी निघेल. बेगायिमने बॅग उचलली. दारात ताएजे वळली, खोलीभर नजर फिरवली, आणि भाचीऐवजी गादीकडे बघून म्हणाली, “सांभाळा एकमेकींना.”

खाली उतरताना कुमुशाय आपांनी तिला विचारलं की मुलीला ठेवणार होतीस ना. ताएजे म्हणाली, “जागा कुठे आहे?”

त्यानंतर जिन्यात पावलं कुणी ऐकली नाहीत. गुरुवारी सायराकान एजे दार उघडं टाकते, खाली लोखंडी इस्त्री लावते, आणि त्या वेळात मशीनला हात लावत नाही. बाकीचे दिवस पट्ट्या घट्ट. पण काही आठवडे ती पुलावरून परत यायची ती नुसतीच यायची. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत नुसती पावलं. कुमुशाय आपा दार किलकिलं करून ऐकायच्या आणि लावून घ्यायच्या. आपण सगळ्यांनी मिळून हिचं काहीतरी काढून घेतलं, असं जिन्याला वाटायला लागलं होतं. जुमाश बायकेंनी तर एकदा मला विचारलं की ती म्हातारीची चाल तुला खरंच येत नाही का. मी सांगितलं, येत नाही. ते म्हणाले, मग तू काय कामाची.

परवाच्या गुरुवारी वाटून झाल्यावर तिने इस्त्री काढली, दार लावलं. मी आमच्याकडचं ताट द्यायला खाली उतरत होते. पट्टी नीट बसली नव्हती बहुतेक, कारण आतून ऐकू आलं. सायराकान एजे गुणगुणत होती. तीच चाल, नाकातल्या नाकात. मी थांबले. आनंदाने हाक मारणार होते.

तेवढ्यात गुणगुणणं मध्येच तुटलं. शेवटाला नाही, मध्येच, जसं कुणी तोंडावर बोट ठेवल्यावर तुटतं. थोडा वेळ काही नाही. ती शांतता जाड होती, तिच्या खोलीची.

मग ती हसली, अगदी हलकेच, आणि पुन्हा सुरू झाली.

मी ताट दाराशी ठेवलं आणि वर आले. पायऱ्या चढताना आवाज होऊ नये म्हणून सपाता हातात घेतल्या होत्या.